केबलवाल्याला नक्की काय काय दिसतं?

ओसरी
परवा रविवारी सकाळी केबलवाला पैसे घ्यायला आला. (आता तो नेटवाला आहे, पण आमच्या बिल्डिंगीत अजून केबलवालाच म्हणतात.) दोन दिवस नेट रखडत होतं, म्हणून मी तक्रार केली. त्याने दारातच मोबाइल काढला, बोटाने दोन-तीनदा वर सरकवलं आणि म्हणाला, “वहिनी, लाइन ओके आहे. काल तर पहाटे पावणेतीनपर्यंत चालू होतं तुमचं.”

मागे सासूबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मी सगळ्यांना साडेदहाला गुडनाइट करून आत गेले होते हो! कोरियन मालिका बघत होते, दुसरं काही नाही. पण दारात उभ्या माणसाला माझी झोपायची वेळ माहीत आहे हे काही पचेना. त्याला आणखी काय दिसतं? कुठली साइट उघडली, काय शोधलं, तेही? आणि हे सगळं किती दिवस साठवून ठेवतात? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

आळशी_मांजर
आधी मालिकेचं नाव सांगा.

चकली
कोथिंबीर, सासूबाई आणि पावणेतीन. आमच्या केबलवाल्याला तर बिल भरलेलंसुद्धा दिसत नाही, दर महिन्याला पुन्हा मागतो.

राउटरराव
ओसरी, एक विचारतो. रात्री झोपताना राउटरचं बटण बंद करता का?

ओसरी
हो! सासऱ्यांची शिस्त. शेवटी झोपेल त्याने बंद करायचा. तुम्हाला कसं कळलं?

राउटरराव
मग झालं तर. त्याने मालिका पाहिली नाही, तुम्ही बटण कधी दाबलंत ते पाहिलं.

मी अशाच एका कंपनीत सहा वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. राउटर बसवताना त्यात एक युजरनेम आणि पासवर्ड घालतात. राउटर सुरू झाला की तो कंपनीच्या रेडियस सर्व्हरकडे जाऊन हजेरी लावतो. तिथे एक ओळ पडते: कुठलं खातं, किती वाजता जोडलं, कुठला आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) दिला, राउटरचा मॅक पत्ता (म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक) काय. बंद केला की सुटल्याची वेळ आणि तेवढ्यात किती एमबी आले-गेले तेही. शाळेचं हजेरीपत्रकच. तुमचा केबलवाला म्हणजे कंपनीचा फ्रँचायझी. त्याला या हजेरीपत्रकातलं आपल्या गिऱ्हाइकांपुरतं पान ॲपवर दिसतं, कारण तक्रार आली की त्यालाच शिडी घेऊन जायचं असतं.

साइटचं म्हणाल तर ते त्याला दिसत नाही, पण वर कंपनीला दिसू शकतं. आजकाल जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहेत, त्यामुळे आतलं पान, शोधलेला शब्द, मेसेज हे कंपनीला वाचता येत नाही. साइटचं नाव मात्र बहुतेक वेळा उघडंच जातं. एकदा डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या फोनडायरीला, पत्ता विचारताना आणि पुन्हा जोडणी सुरू होताना. पाकिटातलं पत्र बंद, वरचा पत्ता पोस्टमनला वाचता येतो, तसं. आता एखाद्याने रात्री दोन वाजता कर्करोगाच्या हॉस्पिटलची साइट उघडली, तर पाकीट फोडायची गरज काय राहिली?

आळशी_मांजर
पण मी इनकॉग्निटोमध्ये बघतो.

राउटरराव
मांजरा, तुझं नाव सार्थ आहे. डोळे मिटून दूध पितोयस. इनकॉग्निटोमुळे घरातल्यांना कळत नाही एवढंच.

काळाकोट
“किती दिवस” याचं उत्तर मी देते, कारण हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो.

कंपनीला सरकारकडून जो परवाना मिळतो त्यातच अट आहे. फोनसाठी सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला त्याची नोंद, आणि इंटरनेटसाठी आयपीडीआर, म्हणजे कोण कुठल्या आयपीवरून कधी कुठे जोडला गेला त्याची नोंद, जपून ठेवायची. आधी मुदत एक वर्ष होती. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात दुरुस्ती करून किमान दोन वर्षं केली. लक्षात घ्या, यावर संसदेत चर्चा वगैरे काही झाली नाही. परवान्यातलं एक कलम बदललं आणि देशभरातल्या नोंदींचं आयुष्य दुप्पट झालं.

त्यानंतर २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले. सगळ्यांनी आपापल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे. व्हीपीएनवाल्यांनी (आपलं नेट स्वतःच्या सर्व्हरमार्गे फिरवून देणाऱ्यांनी) तर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी आणि व्हीपीएन कशासाठी घेतला ते कारण पाच वर्षं ठेवायचं, तेही गिऱ्हाईक सोडून गेल्यानंतर पाच वर्षं.

मागायचा अधिकार कुणाला? आतला मजकूर बघायचा असेल तर आयटी कायद्याचं कलम ६९ लागतं आणि गृहसचिव पातळीवरचा आदेश लागतो. नोंदींना एवढं काही नको. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं एक कलम पुरतं (पूर्वी सीआरपीसी ९१, आता बीएनएसएस ९४), तपास अधिकाऱ्याचं पत्र जातं आणि माहिती येते. ज्याची माहिती गेली त्याला कुणी कळवत नाही.

निनावी_नाना
म्हणूनच नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क या व्हीपीएनवाल्यांनी २०२२ मध्ये भारतातले सर्व्हर उचलले. मी तेव्हापासून सिंगापूरमार्गे फिरतो. केबलवाल्याला म्हणावं, आता बघ काय बघतोस ते.

राउटरराव
नाना, केबलवाल्याला तुम्ही कधी झोपलात ते अजूनही दिसतंच. आणि जे कंपनीपासून लपवलंत ते सगळं सिंगापूरच्या दुकानदाराला दाखवताय. तो फुकट असेल तर आणखीच विचार करा.

बापूसाहेब_निवृत्त
सर्वांना नमस्कार. पोलिस खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची चार सायबरकडे. इथे सगळा सूर “सरकार बघतंय” असा लागलाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे एफडी मोडून आलेले साडेसहा लाख गेले. वीजबिलाचा मेसेज, ॲप डाउनलोड, नेहमीचाच प्रकार. त्या आठ दिवस रोज स्टेशनला येऊन बाकावर बसत. काही मागत नसत, फक्त “काही कळलं का” एवढंच विचारत. बँकेकडून आम्हाला समोरच्याचा आयपी आणि वेळ मिळाली. आम्ही खूश. कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं, सदर आयपी त्या मिनिटाला दोनशेहून जास्त ग्राहकांकडे होता, पोर्ट नंबर कळवावा. बँकेने पोर्ट नंबर ठेवलाच नव्हता. तपास तिथेच बसला. ज्यांना नोंदी नकोत त्यांनी त्या बाईंसमोर बाकावर बसून हे सांगावं.

चकली
एक आयपी दोनशे जणांकडे? आमच्या चाळीत एक नळ बावीस बिऱ्हाडांना होता, हे त्याच्याही वरताण.

राउटरराव
नळाचंच उदाहरण चालेल. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात चारशे तीस कोटींच्या आतबाहेर. ते कधीच संपले. म्हणून कंपन्या गल्लीभर घरांना आतले पत्ते वाटतात (राउटरमध्ये १००.६४ ने सुरू होणारा दिसला की समजा) आणि बाहेर सगळ्यांना मिळून एकच पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. वाड्याच्या पत्त्यावर पत्र आलं तर आत कुणाचं ते पोर्ट नंबरवरून कळतं. पोर्ट नाही, तर अख्खा वाडा संशयित.

दुसरी गोम वेळेची. परदेशी कंपन्या लॉग देतात यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. कारकुनाने ते मिळवलं नाही, तर रात्री साडेदहाचा माणूस सोडून संध्याकाळी पाचचा माणूस धरला जातो. मी स्वतः असं पत्र परत पाठवलंय.

निनावी_नाना
आणि परत न पाठवलं तर काय होतं ते २००७ साली पुण्याने बघितलंय. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर कुणीतरी टाकला. पुणे पोलिसांनी आयपीवरून माग काढला, इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव दिलं, पोलिस बंगळूरला जाऊन आयटीतल्या एका तरुणाला उचलून घेऊन आले. जवळजवळ ५० दिवस तो तुरुंगात. नंतर कळलं की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, तो आयपी त्या वेळी त्याच्याकडे नव्हताच. चोर सोडून संन्याशाला सुळी. बापूसाहेब, त्याच्यासमोर कुणी बाकावर बसायचं?

बापूसाहेब_निवृत्त
नाना, ते प्रकरण मला चांगलं माहीत आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ती चूक नोंद ठेवल्याची नव्हती, चुकीची नोंद दिल्याची होती. ताडून बघितली नाही ही आमची. यातून “नोंदच नको” कसं निघतं? रेल्वेचा अपघात झाला म्हणून आपण वेळापत्रक जाळत नाही.

निनावी_नाना
वेळापत्रकात माझी बायको रात्री कुठे जाते ते लिहिलेलं नसतं.

चकली
नाना, नाना, नाना. घरी कुणी वाचत नाही ना हा धागा?

तांबडी_माती
नाद खुळा धागा! आमचं सायबर कॅफे होतं ओ, एसटी स्टँडासमोर, २००३ ते २०१४. नोंदीचं आम्हाला विचारा. २०११ ला कॅफेचे नियम आले. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टरात नाव-पत्ता-वेळ लिहायची, रजिस्टर वर्षभर जपायचं. केबिनची फळी साडेचार फुटाच्या वर नको. आमच्याकडं सहा फुटाच्या होत्या, सुताराला बोलावून कापल्या. कापल्या त्या दिवसापासनं कॉलेजची जोडपी यायची बंद झाली आणि धंदा निम्म्यावर आला, हे खरं सांगतो.

रजिस्टर मात्र बघण्यासारखं. एका महिन्यात तीन सचिन तेंडुलकर आणि एक “राजू, स्टँडजवळ”. ओळखपत्र बघा म्हणायचे, पण दहा रुपयांच्या गिऱ्हाइकाला कोण अडवणार? आणि पोलिसही कधी रजिस्टर उघडून बघायचे नाहीत, टेबलावर आहे का तेवढंच बघायचे. कॅफे बंद केल्यावर ती सात रजिस्टरं दोन वर्षं माळ्यावर होती. मग आईनं रद्दीवाल्याला दिली. त्यात आधार नंबर होते लोकांचे. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

काळाकोट
तांबडी_माती, तुमच्या माळ्यावरून जे गेलं तोच माझा मुद्दा आहे. ठेवायला लावतात, टाकायचं कसं ते कुणी शिकवत नाही. रच्याकने, इतरांच्या नोंदी विकल्या जातात हेही नवीन नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर मिळवून विकणारे खासगी गुप्तहेर पकडले होते. नवऱ्याला बायकोचे, बायकोला नवऱ्याचे. सरकारसाठी ठेवलेली वही, गिऱ्हाईक भलतंच.

समुद्रपक्षी
गोव्यातून लिहितोय. आमचं छोटं गेस्ट हाउस आहे, वाय-फायचा पासवर्ड जेवणाच्या खोलीत खडूने लिहिलेला असायचा. एका मित्राने सानपाड्याची आठवण करून दिली आणि मी फळा पुसला. २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. आयपी त्याचा, चौकशी त्याची. मेल दुसऱ्याच कुणीतरी पाठवलेला. आता पाहुण्यांना ओटीपीने नेट देतो. म्हणजे त्यांचे नंबर माझ्याकडे जमतात. त्यांचं काय करायचं ते मलाही ठाऊक नाही, वर तांबडी_मातीचं वाचून धडकी भरली.

टेम्सकर
इकडे ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने नोटीस मिळालेल्या कंपन्या १२ महिने तुमच्या जोडण्यांची नोंद ठेवतात. ती मागू शकणाऱ्या खात्यांच्या यादीत अन्नपदार्थांचा दर्जा तपासणारं खातंही होतं. खारी बिस्किटाची रेसिपी शोधताना मी सांभाळून असतो.

चकली
ह.घ्या. पण खारीवर कारवाई झालीच पाहिजे, चहात बुडते आणि परत येत नाही.

राईनकाठ
जर्मनीत बारा वर्षं आहे. इथल्या लोकांना या विषयाचं वेड आहे, त्याला कारण इतिहास. पूर्व जर्मनीत शेजारीच शेजाऱ्याच्या फायली भरत होते.

२००६ मध्ये युरोपने निर्देश काढला की कंपन्यांनी सहा महिने ते दोन वर्षं नोंदी ठेवाव्यात. माल्टे श्पित्स नावाच्या ग्रीन पक्षाच्या राजकारण्याने आपल्या फोन कंपनीला विचारलं, माझं काय काय साठवलंय ते द्या. कंपनी नाही म्हणाली, तो कोर्टात गेला आणि त्याला सहा महिन्यांच्या ३५,८३० नोंदी मिळाल्या. त्या त्याने २०११ मध्ये एका वर्तमानपत्राला दिल्या, त्यांनी नकाशावर मांडल्या. बटण दाबलं की ठिपका हलतो: आत्ता रेल्वेत, आता बर्लिनमध्ये, आता झोपला, आता उठला. एकाही कॉलमधला एकही शब्द त्यात नाही. मी तो नकाशा पाहिला आणि पंधरा मिनिटं त्याच्या मागे मागे फिरत बसले, एका अनोळखी माणसाच्या. मग स्वतःचीच लाज वाटली.

मार्च २०१० मध्ये इथल्या घटना न्यायालयाने जर्मन कायदा रद्द केला आणि एप्रिल २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने मूळ निर्देशच. सरकारं तरीही दर दोन-चार वर्षांनी तोच कायदा नव्या नावाने आणतात.

पण इकडे सगळं सोवळं आहे असं समजू नका. टॉरेंटवर चोरीचा सिनेमा उतरवला की निर्मात्याचा वकील कोर्टामार्फत कंपनीकडून नाव-पत्ता काढतो आणि शेकडो युरोंच्या मागणीचं पत्र घरी येतं. भारतातून नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी हे सांगते, मग भाजी कुठे मिळते ते. तरी एकाला आलंच. सिनेमा बघून पूर्णही झाला नव्हता बिचाऱ्याचा.

आळशी_मांजर
मराठी सिनेमा असेल तर निर्मात्याने त्यालाच पैसे द्यायला हवे होते.

बापूसाहेब_निवृत्त
राईनकाठ, माहितीबद्दल आभार. ठिपक्याचं वाचून थोडा अंतर्मुख झालो. सेवेत असताना आम्ही असे ठिपके रोज बघायचो आणि तो माणूस आहे हे लवकरच विसरायला होतं. तरीही शिक्षिकाबाईंचं काय, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

काळाकोट
बापूसाहेब, प्रयत्न करते. संशय आला की त्या एका खात्याच्या नोंदी तातडीने गोठवा. अमेरिकेत असं आहे, तपास यंत्रणेने पत्र दिलं की कंपनी असलेल्या नोंदी ९० दिवस राखून ठेवते. सरसकट सगळ्यांचं दोन वर्षं साठवण्यापेक्षा हे बरं.

बापूसाहेब_निवृत्त
ताई, बाई तक्रार द्यायला आल्या पाचव्या दिवशी. काही जण पाच महिन्यांनी येतात, लाजेने. जे ठेवलंच नाही ते गोठवणार कसं?

काळाकोट
हे मात्र मान्य. मग निदान सहा महिने ठेवा, दोन वर्षं कशाला? आणि मागितलं कुणी, कधी, कशासाठी, याचीही नोंद असू द्या. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क आहे म्हटलं. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि त्यातली बरीच बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू. गंमत म्हणजे त्याच नियमांत पुन्हा लॉग किमान वर्षभर ठेवा असं कलम आहे, आणि सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते.

चकली
धागा चाळीच्या नळावरून नऊ न्यायाधीशांवर गेला. ओसरीताई गेल्या कुठे? झोपल्या वाटतं. केबलवाल्याला विचारा.

ओसरी
आहे आहे. सगळं वाचलं, दोनदा. काल रविवार, तो पैसे सुटे द्यायला परत आला होता. मी सरळ म्हटलं, काय दिसतं ते दाखव. त्याला उलट अभिमानच वाटला. चपला काढून आत आला, चहा घेतला आणि फोन माझ्या हातात दिला.

राउटरराव म्हणाले तसंच होतं. साइटबिट काही नाही. पण माझं एकटीचं पान नव्हतं, अख्ख्या बिल्डिंगीची यादी होती. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, पुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका आणि शेवटचं कधी चालू होतं ती वेळ. आमच्या वरच्या फ्लॅटला लाल ठिपका, ११ दिवस. ते दोघं मुलीकडे गेलेत बाहेरगावी. कुणाला सांगू नका, घर बंद आहे कळायला नको, असं म्हणून किल्ली फक्त माझ्याकडे ठेवली आहे. वर्तमानपत्र बंद केलं, दूध बंद केलं, जिन्यातला दिवा रात्री मी लावते. आणि इथे लाल ठिपका.

मी विचारलं, हे आणखी कोण बघतं? म्हणाला, “मी, भाऊ आणि पोरं.” पोरं म्हणजे वायर ओढायला येतात ती. दोन-चार महिन्यांनी बदलतात. पासवर्ड सगळ्यांचा एकच. नवीन जोडणीचे फॉर्म आणि आधारच्या झेरॉक्स कुठे ठेवतोस म्हटलं, तर स्कूटरच्या डिकीकडे बोट दाखवलं.

माणूस वाईट नाही हो. त्याला यात काही वावगं आहे हेच कळलं नव्हतं. पासवर्ड बदलतो म्हणाला. मी वरच्या फ्लॅटमध्ये जाऊन राउटर चालू करून आले. आता तिथे कुणी नसताना हिरवा ठिपका आहे.

बापूसाहेब_निवृत्त
फार चांगलं केलंत. घरफोडीवाले पूर्वी दारातले पेपर मोजायचे. वरच्यांचा परतीचा दिवस इथे लिहू नका.

राउटरराव
आणि वरच्या राउटरचा पासवर्ड बघा. नव्वद टक्के त्यांचाच मोबाइल नंबर असेल. तो यादीत आहेच.

ओसरी
होता! बदलला. कंपनीलाही मेल टाकला की वायर ओढणाऱ्यांना ग्राहकांची यादी का दिसते. उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे, संदर्भासाठी चौदा आकडी क्रमांक जपून ठेवावा.

समुद्रपक्षी
किती दिवस जपायचा तेही विचारा.

आळशी_मांजर
मालिकेचं नाव अजून आलेलं नाही.